अंगठ्याचं माप

गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून अमारो
आम्हाला लिलावघराच्या कोपऱ्यावर उतरवून पुढे गेला.
आईनं तंबूंकडे पाहिलंच नाही.
आधी खाडीकडे पाहिलं.
"अजून दोन तास ओहोटी आहे," म्हणाली,
कुणी काही विचारलेलं नसताना.

आई, आज शनिवार. आज उत्सव आहे.
आज फक्त खायचं.

तंबूत बॅगपाइप, भोंग्यावर हरवलेल्या कुणा पोराचं नाव,
तांब्याच्या हंड्यातून ऑक्टोपस वर येतो
आठही हात आखडून, थंडी वाजल्यासारखा.
बाई कात्रीनं कापते, कचकच, लाकडी थाळीवर,
वर जाडं मीठ, लाल पूड, तेलाची धार.
ब्रेइशो कूपनं घेऊन रांगेत शिरला.
माझा हा भाऊ जन्मापासून चुकीच्याच रांगेत उभा राहतो.
इरिया, माझी, सात वर्षांची,
कालव नाकाशी धरून विचारते,
"आणि ह्याचं तोंड कुठल्या बाजूला?"

एकतीस वर्षं आई त्या गाळात वाकली.
पहाटे गुडघाभर बूट, हातात दाताळं,
शेजारी ओबदुलिया, पलीकडे ओबदुलियाची नणंद,
चिखल ओरबाडत मागे मागे सरकणाऱ्या बायका.
तिसऱ्या बादलीत, बादली काट्यावर, पैसे महिन्याच्या शेवटी.
अख्ख्या माद्रिदच्या, फुटक्या आमच्या.
मी फुटक्यांवर वाढले. दाताखाली कच्च वाजलं
की आजही मला घर आठवतं.

गळ्यात पितळेची कडी असायची, मापाची.
कडीतून सुटली ती लहान. लहान ती परत पाण्यात.
पुढे कडी हरवली, आणि गरजही उरली नाही:
अंगठ्याच्या टोकापासून दुसऱ्या सुरकुतीपर्यंत.
इरिया जन्मली तेव्हा दवाखान्यात
तिनं पोरीच्या पावलाला अंगठा लावून पाहिला
आणि नर्सला सांगितलं, "मापात आहे. ठेवतो."

थाळी आली. लसूण, पांढरी वाइन, उघडी तोंडं, वाफ.
आई एक शिंपला उचलते.
अंगठा लावते.
मी मनात म्हणते, नको, आई, आज नको.
"ही लहान आहे."
"शिजली आता," मी म्हणते.
"शिजली म्हणून मोठी होत नाही."
वाढणाऱ्या पोराला विचारते, कुठल्या आणल्यात?
त्याच्या टी-शर्टावर हसरा खेकडा छापलेला.
तो म्हणतो, आजी, मी फक्त थाळ्या आणतो.

तिनं भांडण केलं नाही.
सात तिसऱ्या कागदी रुमालावर वेगळ्या काढल्या,
ओळीनं, पाठ वर करून,
आणि उरलेल्यांवर अशी तुटून पडली
की शेजारच्या टेबलावरचे पाहुणे आपलं खाणं विसरले.
पावानं रस पुसला. बोटं चाटली.
मागवलेली वाइन आम्हाला देऊन आमची प्याली.
मी तिला बसून, गरम, अख्खी तिसरी खाताना
त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच.
बिलाच्या पाठीवर लिहून ठेवावं वाटलं, आणि पेन नव्हतं.

इरिया इतका वेळ गप्प होती.
रुमालावरची एक तिनं ओढून घेतली,
आजीसारखाच डोळा बारीक केला,
अंगठा लावला. तो केवढा? शेंगदाण्याएवढा.
"आजी, माझ्या अंगठ्यानं सगळ्या मोठ्या आहेत."

बॅगपाइपवाला श्वास घ्यायला थांबला होता बहुधा,
कारण आईचं हसणं तंबूभर ऐकू गेलं.
मग ते थांबलं. तिनं तो अंगठा हातात धरला,
उलटा केला, सुलटा केला, नखाखाली पाहिलं.
तिथे गाळ नव्हता, गुलाबी रंग होता, अर्धा उडालेला.
"मग तू खा," म्हणाली.
सातही.

ब्रेइशो परतला, हातात शिंपल्यांऐवजी
बदामाचे तीन केक, रांग ती होती म्हणे.
अमारोला जागा मिळाली दीड किलोमीटरवर, चर्चच्या मागे.
तो घामाघूम येऊन बसला तेव्हा
ताटात नुसती टरफलं, आणि आई
त्यांनाही अंगठा लावून बघत होती.