खिळ्यांचे टायर

ओउलूत डिसेंबरचा दिवस
दुपारी दोनलाच आवरतं घेतो.
राइली तरी निघते.
काम काहीच नाही; सत्तरीत कसलं काम?
खिळ्यांचे टायर बर्फ कुरतडत
गोठलेल्या समुद्रापर्यंत नेतात.
तिथे थर्मासमधली कॉफी,
पापण्यांवर दहिवर,
आणि परत.

जानेवारीत चेन गोठली. ढकलत आली.

फेब्रुवारीत एका सकाळी
शेजारी कुणीतरी पेडल मारतंय:
सावली.
"आलीस का गं?" म्हणाली तिला,
जरा रागानेच.

मार्चअखेर बर्फाखालून वर आली
हिवाळाभर रस्त्यावर टाकलेली खडी
आणि एक हातमोजा. तिचाच.

टायर अजून बदललेले नाहीत.
कोरड्या डांबरावर खिळे
ताशासारखे तडतडतात,
लोक वळून बघतात.
बघू देत.