मेमे ऑटिलीचा तीळ

गृहखात्याच्या कचेरीतून मेमे ऑटिली परत आली
पासपोर्टचे चारही फोटो मुठीत चुरगळून.
'फोटोत तीळ आहे, चेहऱ्यावर नाही.
साहेब म्हणतो, मग ही बाई कोण?'

मी भिंग लावलं.
होता. भुवईच्या वर, उजव्या अंगाला,
बाजरीच्या दाण्याएवढा, कडा फिकट.
मागच्या शनिवारी तोच नवरदेवाच्या टायवर होता,
त्याआधी बाप्तिस्म्याच्या बाळामागं, भिंतीवर.
वॉल्विस बेच्या आभाळात तर कित्येक महिने,
आणि मी त्याला लांबचा फ्लेमिंगो समजत होते.

म्हणून आज रात्री, मासळी कारखान्याचा दुसरा भोंगा झाल्यावर,
न्हाणीघरात गरम पाणी पाच मिनिटं सोडलं,
उडती धूळ वाफेबरोबर खाली बसू दिली,
धुण्याच्या टोपलीवर फळी टाकली.
शिवूतेला बजावलं, दार उघडायचं नाही,
अख्खं वाळवंट आत येईल.
तरी आला. मोजे घालून, श्वास धरून.

आधी अंग, दमट फडक्यानं.
पडद्यावर माझ्या नाकाचा ठसा, अकरा वर्षांचा,
रोज पुसते, रोज उमटतो.
अंगठ्यापाशी रबर सुटलंय:
स्पिरिटनं चिकटा काढला, दोन थेंब गोंद, वर कपड्यांचा चिमटा.
फ्लॅशच्या खाचेत धुक्यातलं मीठ हिरवं पडलेलं,
तिथं शिवूतेचं खोडरबर चाललं.
'गणिताचं आहे,' तो म्हणाला, 'जपून. फार खातं.'

लेन्स काढली. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून
रबरी फुग्यानं हवा मारली, फस्स, फस्स.
पोरगं ओठांचा चंबू करून पुढं झालं
तशी कपाळावर टिचकी दिली.
फुंकर गुडघ्याला. भाजलेल्या बोटाला.
इथं नाही, फुंकरीत थुंकी असते.
डोळ्यात तेल घालून बघावं म्हणतात;
या डोळ्यात तेलाचा ठिपका पडला
तर महिन्याचं भाडं गेलं.

बॅटरी काठोकाठ हवी.
आरसा वर उचलून धरलेला असतो,
अर्ध्यात तिचा जीव गेला तर तो खाली येतो
आतल्या काडीवर.
तिन्ही रेघा होत्या. तरी मी दोनदा पाहिलं.

आतला तो चौकोन
सार्डिनच्या पोटासारखा, हिरवट जांभळा.
दोन लाख अकरा हजार वेळा
उजेड इथं येऊन आपटलाय.

'तीळ वर होता ना?'
आत उलटं असतं रे, वरचं खाली.
कपाळ शोधायचं तर पायाशी बघ.
उजवं मात्र समोरून बघताना उजवीकडंच राहतं,
ते का, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

काडीवर दोन थेंब.
या कडेपासून त्या कडेपर्यंत एकदा,
बाजू उलटून परत,
आणि संपलं तिचं काम.
राहिलंसं वाटलं तरी तीच काडी पुन्हा फिरवायची नाही.

फ्रिजच्या पांढऱ्या दारासमोर, अ‍ॅपर्चर बावीस,
मुद्दाम हलवून एक फोटो.
काही नाही. नुसतं पांढरं.
शिवूते पडदा मोठा करकरून शोधत राहिला,
मग जरा हिरमुसला.
काडीच्या टोकाला करडं काहीतरी होतं,
त्यानं ते चिकटपट्टीखाली वहीत लावलं, तारीख टाकून.

सकाळी मेमे ऑटिली पुन्हा बसली
पांढऱ्या चादरीसमोर, हनुवटी वर.
पैसे घेतले नाहीत.
चार फोटो, कपाळ कोरं.
तिनं ते पाकिटात ठेवले आणि उठलीच नाही.

'ते चुरगळलेले टाकलेस का?'

केराच्या डब्यातून काढून दिले.
मांडीवर ठेवून, तळहातानं, एकेक सपाट केला तिनं.
'आईला होता इथं,' म्हणाली.
'तिचा फोटो कुणी काढलाच नाही.'

मी काहीतरी बोलायला हवं होतं.
तेवढ्यात पूर्वेचा वारा सुटला,
दाराखालून वाळू सरकत आली,
आणि मी आधी लेन्सवर टोपण बसवलं,
मग खिडकी लावली.