पहिली वेलांटी

चुडामण फेगडे कोर्टासमोर शिक्के करायचे.
दुकान बंद केलं तेव्हा उरल्यासुरल्या रबराचे तुकडे
माझ्या पिशवीत ओतले, वर एक ब्लेड ठेवलं,
म्हणाले, बाई, एवढंच ध्यानात ठेवा,
रबरावर सगळं उलटं असतं.

एकतीस वर्षं मी नगरपालिकेत
जन्म-मृत्यूच्या टेबलावर शिक्के मारले.
मारले, हाच शब्द. डबा उघडायच्या आत दोनशे.
तो हात आता हलका करायला शिकतेय.
मारायचं नाही. टेकवायचं,
झोपलेल्या बाळाला तीट लावावी तसं.

भाच्यानं पुण्याहून पूड पाठवली,
पुडीवर लिहिलेलं: उष्णता द्यावी.
भुसावळात, मे महिन्यात!
तरी इस्त्री उलटी धरते,
कार्ड तिच्यावर वीतभर उंच फिरवते.
पूड आधी रुसून बसते,
मग कडेकडेनं ओलावते,
मग एकदम अंग धरते, चकाकत वर येते.
आली, म्हणते मी दरवेळी.
घरात ऐकायला कोणी नसतं.

पूड जांभळी होती. पुण्यात वांगं जांभळं असतं.
आपलं भरताचं हिरवं, बुडाशी पांढुरकं,
हे त्याला फोनवर सांगता सांगता कार्ड संपलं.
दुसरी पुडी आली पंधरा दिवसांनी.

वांगं आधी कोरलं.
देठ, देठावरचे काटेसुद्धा.
पौषात कुमुदिनीच्या शेतात अख्खं ऑफिस जमायचं,
कापसाच्या काड्यांचा जाळ, राखेत लोळणारी वांगी,
मुख्याधिकारी कोपरापर्यंत हात चाटायचे
आणि ती म्हणायची, वाढा त्यांना,
सोमवारी रजेचे अर्ज आहेत.

मग नाव.
ती टायपिस्ट. लाल पेन्सिल कानावर.
एका पोराच्या दाखल्यात वेलांटी चुकली,
सही-शिक्का माझा, मेमो मला.
चूक वर नेऊन दाखवली ती तिनं.
मी चहा वेगळा मागवू लागले.
पुढं ती लेकाकडे सुरतेला गेली,
निरोपाच्या दिवशी मी रजेवर होते.
नऊ वर्षं.

कु. मु. इथवर नीट.
रबरावर पहिली वेलांटी दुसरी दिसते,
दुसरी पहिली,
आणि माझं डोकं कुठंतरी त्या काड्यांच्या धुरात.
शिक्का उचलला तर कागदावर
कुमुदीनि.

रबर शिल्लक होतं. ब्लेड होतं.
दुपार तर अख्खी पडलेली.
मी तशीच पूड भुरभुरली,
जास्तीची टिचकीनं झाडली, इस्त्रीवर धरली.
चूक फुगून वर आली,
हिरवी, चकचकीत, आंधळ्यालाही बोटानं लागेल अशी.

पोस्टातला पोरगा पाकीट चाचपत म्हणाला,
मावशी, जाड लागतंय, आत काय?
वांगं, म्हटलं.
हळू मार रे, म्हणेपर्यंत
थाप्.
ओळखीचाच हात. काय बोलणार.

आता वाट बघायची.
भांडण ती गिळेल, वाढदिवस गिळेल,
वांग्याचं चित्रही न बोलता उशीखाली सारेल.
वेलांटी
नाही गिळवायची तिला.