काटा

गोंदोमारच्या बायका घरीच तार भरतात.
कारखान्यातून चौकटी येतात रिकाम्या,
बहुतेक बदामाच्या आकाराच्या,
आणि झुल्मिरा मावशी खिडकीशी बसून
केसाहून जराशी जाड सोन्याची तार
चिमट्यानं वळत, वळत, दाबत
त्यांची पोटं भरते.
घडणावळ नगावर.
तार तोलून येते, तोलून परत जाते,
ॲप्रनमध्ये सांडलेली कणी न् कणी
संध्याकाळी कागदावर झटकून.

चाळीस वर्षं भरले तिनं दुसऱ्यांनी आखलेले बदाम.
ठसा सेन्योर अब्रांतेस यांचा.
मावशीची म्हणून राहिली ती मान,
उजवीकडे कललेली,
रविवारी चर्चमध्येसुद्धा.

मार्चमध्ये दोरू नदीत सावेल चढतो.
चवीला लोणी, पण काट्यांना अंत नाही.
त्या वर्षी जेवण झाल्यावर तिनं ताट उचललं
ते मोरीकडे नाही, दिव्याखाली नेलं.
कण्यातून फुटलेले काटे,
काही टोकाशी दुभंगलेले,
एक दुसऱ्यासारखा नाही.
"बघ," मला म्हणाली, "ह्याला चौकटच नाही."

चांदी घेतली स्वतःच्या पैशानं.
जंतरातून तार ओढली, टाकणखार लावला,
फुंकणी धरली, जी आजवर नवऱ्याचीच होती.
पहिला काटा वितळून मणी झाला.
दुसराही. तिसऱ्याला ती शिवी दिली
जी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.
तीन मणी अजून खिडकीत आहेत,
मिठाच्या बरणीशेजारी.

सेन्योर अब्रांतेसनी चष्मा लावला, काढला.
"डाक दिसत नाही कुठे. काम चोख.
पण बाई, माशाचा काटा गळ्याशी कोण मिरवेल?"
"ज्याच्या घशात कधी अडकलाय, तो."

पोर्तोच्या तपासणी कचेरीत मी सोबत गेले.
कारकुनानं काट्यावर काटा ठेवला.
आकडे जरा डळमळले, मग थांबले:
साडेअकरा ग्रॅम.
"तुमच्या ठशाचं चिन्ह?"
ह्याचा विचारच केला नव्हता.
पेन घेऊन तिनं एक रेघ ओढली,
वर दोन फाटे,
आणि सवयीनं सगळी रेघ
उजवीकडे कलली.
"सरळ काढून देऊ का?" त्यानं विचारलं.
"नको. तशीच आहे ती."

परतीच्या बसमध्ये भिंग डोळ्याला लावून
तो अर्ज ती वाचत बसली,
जणू लांबच्या गावाहून आलेलं पत्र.

सोमवारी बारा बदाम आले.
वीजबिल थकलं होतं, तिनं ते भरायला घेतले.
नवव्या-दहाव्याच्या सुमाराला,
मान वर न करता, म्हणाली:
"ह्या खालच्या कोपऱ्यात तार नेहमी गुदमरते गं.
ज्यानं आखला,
त्यानं कधी भरून बघितला नसावा."