फट

सेबेरोचे दात मीच बसवले.
वरचे सगळे, खालचे सहा.
नातीच्या लग्नात फोटो बरे यावेत, असं कोन्चेसीचं म्हणणं.
तो खुर्चीत गप्प. काळी गोल टोपी छातीशी,
चर्चमध्ये धरतात तशी.

समोरच्या दोहोंच्या मधे फट होती,
एका मेंढीने डोकं उसळून केलेली, फार वर्षांपूर्वी.
ती मी मिटवली.
दात अगदी पांढरे नाही केले, वयाला शोभतील
असे जरासे पिवळट. कामावर खूश होते मी.

सप्टेंबरात गावाच्या वर, कुरणावर, स्पर्धा.
धुकं ऐस्कोरीच्या खांद्यावर येऊन थबकलेलं,
जणू त्यालाही निकाल बघायचा होता.
उंचावरून पेल्यात पडणारी सफरचंदाची दारू,
सुरीच्या टोकावर पुढे केलेला धुरकट चीजचा तुकडा.
गवतावर चुन्याचं वर्तुळ: मेंढपाळाने त्याच्या आतच राहायचं.
पलीकडे उताराला सहा लाचा मेंढ्या, परक्या कळपातल्या,
ढुंगणावर निळा ठिपका,
लोकर इतकी लांब की चालता चालता गवत झाडत जातात.
बारा मिनिटं. दोन फाटकं, एक फळ्यांचा पूल, मग कोंडवाडा.

लागुन त्याच्या घोट्याला लागून बसलेला.
लागुन म्हणजे सोबती.
इथे दर तिसऱ्या कुत्र्याचं तेच नाव,
तरी हाकेला ज्याचा तोच येतो.

हाक म्हणजे शब्द नाही. सेबेरो कुत्र्याशी बोललाच
तर हिवाळ्यात, चुलीपाशी, हवामानाबद्दल.
डोंगरावर फक्त शिट्टी.
एक लांब, एक तुटक, एक वर चढून मोडणारी.

त्याने ओठ आवळले.
किटलीतून येतो तसा आवाज आला.

लागुन निघाला, थांबला, मागे वळून पाहिलं त्याने.
अनोळखी माणसाकडे पाहतात तसं नाही.
ओळखीच्या माणसाने अनोळखी भाषा बोलावी, तसं.
मग बसलाच.
मेंढ्यांनी मान खाली घालून चरायला सुरुवात केली.
कोणीतरी हसलं. मी नाही.

खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे,
एवढं ठाऊक होतं मला.
हाक मारायचे तिसरेच असतात,
हे कोणत्या वर्गात शिकवतात?

पाच मिनिटं गेली.
सेबेरोने तोंडात बोट घातलं, माझं काम बाहेर काढलं,
टोपीत ठेवलं, टोपी गवतावर.
पुन्हा फुंकलं. नुसती हवा.
कानामागे वारा लागावा, एवढीच.

मग त्याने चुन्याची रेघ ओलांडली.
पंचाने लाल फडकं वर केलं, लोक हळहळले,
आणि तो चालतच राहिला, डाव्या गुडघ्यात वाकत,
उजवा खांदा किंचित पुढे.
लागुन उठला.
खांदा जिकडे, कुत्रा तिकडे.
पुलावर एक मेंढी अडली, तिला नुसती नजर दिली त्याने.
कोंडवाड्याचं दार सेबेरोने कमरेने लोटलं.

गुण शून्य.
मानाची टोपी पलीकडच्या खोऱ्यातल्या एका पोराला,
ती त्याच्या कानांवर उतरली.

मंगळवारी सेबेरो दवाखान्यात.
दात रुमालात गुंडाळलेले.
"मुली, थोडी वाट ठेव मधे."
मी बारीक कानस घेतली. केसभर घासलं.
त्याने लावले, फुंकलं, मान हलवली.
अजून केसभर.
कोन्चेसी बाहेर मासिक चाळत होती, काही बोलली नाही.
चौथ्यांदा मला माझीच लाज वाटली,
इतकं चांगलं काम मी हाताने बिघडवत होते.

पाचव्यांदा शिट्टी वर चढली आणि मोडली.

खाली, रस्त्यावर, बारच्या ज्या खुर्चीला त्याने दोरी बांधली होती,
ती लोखंडी खुर्ची
फरशीवरून फरफटत आली दारापर्यंत.