टेबल विकणे आहे

जिल्हा कोर्टामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
टोकेकर वकिलांचं टेबल विकायचं आहे.
खुर्चीसकट. साखळी-कुलूप वेगळं.
मुन्शी रामरतन म्हणतो, "मॅडम, पैसा जगह का है, लकड़ी का नहीं."
जागा म्हणजे साडेतीन फूट बाय दोन,
उजवीकडे नोटरी, डावीकडे टायपिंगवाला,
वर पंखा, जो फक्त नोटरीकडे वळतो.

माझं तिसरं वर्ष.
सीनियर महिन्याला पेट्रोलचे तीन हजार देतात,
तेही "अगं, राहिलंच की" म्हणत,
आणि दिवाळीला पाकीट, ज्यावर माझं आडनाव
दर वर्षी वेगळं असतं.
मराठीत विचार करते, हिंदीत उभी राहते,
इंग्रजीत अर्ज टाइप करते
आणि घरी येताना कुठल्याच भाषेत बोलत नाही.

सुपर कॉरिडॉरवर एक काचेची कंपनी आहे.
करार वाचायचे, लाल रेघा मारायच्या,
अडतीस हजार, न्यायला-आणायला गाडी.
मुलाखतीत तिथल्या मुलीने विचारलं, "कोर्टाचा अनुभव?"
मी खुलून सांगू लागले :
एकटीने घेतलेली पहिली उलटतपासणी,
घाम पुसता पुसता साक्षीदार
कठड्यावर रुमाल विसरून गेला तो.
ती म्हणाली, "नाही, म्हणजे, ती सवय सुटेल ना?"
शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

टोकेकरांची मुलगी भोपाळहून आलीय,
किल्ल्यांचा जुडगा घेऊन.
खण उघडला तर आत
पाचक गोळ्यांची बाटली, गंजक्या टाचण्या,
आणि तेरा कोरे वकालतनामे,
खाली सह्या, अंगठे आधीच उठवलेले.
"हे लोक कोण?"
मला काय माहीत. कुणी सांवेरचं, कुणी देपालपूरचं,
भरवशावर ठेवून बस पकडायला गेले असतील.
"बसून तर बघा," ती म्हणाली,
साडी खांद्यावर टाकून दाखवणाऱ्या
दुकानदाराच्या आवाजात.

बसले.
एक पाय तोकडा. टेबल डुगडुगतं.
पायाखाली जुनी कॉज लिस्ट घडी करून सारलेली;
तिच्यातली निम्मी प्रकरणं अजून चालू असतील.

दोन मिनिटंही झाली नव्हती,
एक बाई येऊन समोर टेकली.
प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले.
"वकील साब नी आया कई?"
"ते नाहीत आता," मी मराठीत बोलून गेले,
मग हिंदीत,
मग नुसती मान हलवली.
तिने मान खाली घातली, जरा वेळ तशीच.
पण कागद परत घेतले नाहीत.
माझ्याकडे सरकवले,
आणि शाईआधी पुसावा तसा
अंगठा पदराला पुसून तयार ठेवला.

टोकेकरांची मुलगी घड्याळ बघतेय.
मी ऑर्डरशीट उलटते, शेवटचं पान.
पुढची तारीख उद्याची.
उद्या शुक्रवार.

पंखा नोटरीकडेच आहे.
तरी कागद हलतायत.
टेबलामुळे असावं.