‘गेलो’ म्हणजे कोण

नाव नेदेल्का, त्यांच्या भाषेत रविवारची.
आली मात्र मंगळवारी, विजयदुर्गच्या दुपारच्या एस्टीने,
खांद्याला टेपरेकॉर्डर, पिशवीत अठरा सेल
आणि दोनशे बारा प्रश्नांचं बाड.
मी गिर्ये शाळेत भूगोल शिकवायचो.
सरपंचांनी तिला माझ्या गळ्यात घातलं:
“गुरुजी, तुमका नकाशे कळतत.”

तिच्या बल्गेरियात एक रेघ आहे,
डॅन्यूबच्या काठावरून दक्षिणेला उतरणारी.
अलीकडे दूध म्हणजे म्लेको, पलीकडे म्ल्याको.
रेघ कुणाला दिसत नाही, म्हशींना तर नाहीच.
तिच्या गुरूंचे गुरू खेचरावरून डोंगर चढले,
चुलीपाशी बसून विचारत राहिले,
याला काय म्हणता? आणि त्याला?
एकदा तिच्या बापाच्या मेंढवाड्यावरही.
बापाने मेंढ्यांच्या घंटांची अकरा नावं सांगितली.
नकाशात छापलं गेलं एक.

तिच्या डोंगरात घराला नुसतं घर म्हणून सोडत नाहीत,
मागे शेपूट लावतात:
माझ्याजवळचं घर, तुझ्याजवळचं घर,
दोघांपासून लांबचं घर.
संध्याकाळी जेटीवर बसली की
ती बहुतेक तिसरं शेपूट जुळवत असावी.

आमची रेघ वाघोटनच्या खाडीत निघाली.
ह्या काठाला माका, त्या काठाला मला,
आणि मध्ये दाऊद मुजावरची तर.
तिने विचारलं, तुम्ही काय म्हणता, माका की मला?
दाऊदने वल्ह्याचं पाणी झटकलं.
“भाडा कोण देता तेच्यावर.”
तिने हे लिहून घेतलं. खाली दोनदा रेघ ओढली.

तानूबाय खवळे सुकत घालत होती बांगडे.
तिला आधी नेदेल्काचा चष्मा हवा होता, घालून बघायला.
नेदेल्का हसली,
आमच्याकडे चेश्मा म्हणजे पाणवठा,
गावाच्या तोंडाशी, दगडी, वाहता.
तानूबायने काचेतून बांगड्यांकडे पाहिलं, मग खाडीकडे.
“मगे बरोबरच आसा,” म्हणाली.

प्रश्न सत्त्याऐंशी.
समुद्रावर जाऊन परत न आलेल्या माणसाला काय म्हणतात?
तानूबाय म्हणाली, “गेलो.”
पेन्सिल थांबली.
नेदेल्का माझ्याकडे वळून हळूच म्हणाली,
गेलो म्हणजे मी ना?
पुण्यात शिकले मी, मी गेलो, तो गेला.
आणि ह्या तर बाई.
मी सांगितलं, इथे तोही गेलोच.

मग तिने जे सांगितलं ते वहीत नाही, माझ्या ध्यानात आहे.
त्यांच्यातही भूतकाळाला ल लागतो.
पण सोबतचं ‘आहे’ गाळून तो ल एकटा सोडला
तर बोलणाऱ्याने ते स्वतः पाहिलेलं नसतं.
आपण ‘म्हणे’ जोडतो, ते एक शब्द कमी करतात.
तिने तानूबायला विचारलं, कुणी पाहिलं होतं का?

टेप फिरत राहिली.
एक कोंबडी, लांबून कुणाची तरी हाक,
बांगडा उलटा केल्याचा आवाज.
सगळं आलंय त्यात.
तानूबाय नाही.

सात वर्षांनी पार्सल आलं, अनोळखी तिकिटांचं.
खाडीतून निळी रेघ,
दाऊदची तर कुठेच नाही.
मागे कोष्टक. सत्त्याऐंशीसमोर
प्रत्येक गावाचा काही ना काही शब्द,
आमच्या गावाला नुसती आडवी रेघ.
तिला ‘गेलो’ लिहिता आलं असतं.
का नाही लिहिलं, ते मी पत्रात विचारलं नाही.

त्या रात्री जुन्या वह्यांचा गठ्ठा सोडला.
नारू खवळे, इयत्ता चौथी, निबंध, माझे घर.
तिसरी ओळ: माझो बापूस गेलो.
लो वर लाल काट. शेजारी माझ्या वळणदार अक्षरात ला.
अर्धा गुण कापला होता.